राखेची प्रत भट्टीतच ठरते : शेतकचऱ्याची राख काँक्रीटमध्ये वापरताना या चुका टाळा

पिकाचा टाकाऊ भाग जाळून उरलेली राख सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरता येते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. १९७० च्या दशकात काँक्रीटचे संशोधक पी. कुमार मेहता यांनी भाताच्या तुसाच्या राखेवर केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले की, तूस योग्य तापमानाला जाळले तर त्याची राख सिमेंटशी उत्तम प्रक्रिया करते. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीतही खनिज मिश्रकांमध्ये तुसाच्या राखेचा उल्लेख आहे. मात्र त्याच ठिकाणी एक इशाराही दिलेला आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही. प्रत्येक ठिकाणाहून येणारी राख तिची कामगिरी आणि एकसारखेपणा तपासूनच वापरावी, कारण काही राख काँक्रीटमध्ये गाळमातीइतकीच अपायकारक ठरू शकते, असा त्याचा आशय आहे.

या क्षेत्रात जे प्रयोग फसतात, त्यांपैकी बहुतेकांचे कारण या इशाऱ्यातच सापडते. राख ही फुकट मिळालेली वस्तू आहे असे धरून चालले की ती कशी जळली, कशी थंड झाली, कुठे साठवली गेली याची चौकशी कोणी करत नाही, आणि काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी भरलेले ठोकळे कमी भाराला फुटले की दोष राखेच्या माथी मारला जातो. माझ्या मते ही राख म्हणजे कचरा नसून एक उत्पादन आहे, आणि उत्पादनाला लागणारी शिस्त तिला जाळण्याच्या क्षणापासूनच लागते.

कोणतीही राख चालेल असे समजणे

राख काँक्रीटमध्ये नेमके काय करते हे आधी लक्षात घ्यायला हवे. सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे एक प्रकारचा चुना, मोकळा होतो. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही. राखेतील सिलिका (वाळूचाही मुख्य घटक असलेला पदार्थ) या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून सिमेंटला घट्टपणा देणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. ज्या पदार्थात हा गुण असतो त्याला पोझोलाना म्हणतात. त्यामुळे राखेत सिलिका नसेल, किंवा असूनही ती प्रक्रिया करण्याच्या अवस्थेत नसेल, तर राख फक्त बारीक भुकटी म्हणून काँक्रीटमध्ये पडून राहते.

प्रत्येक वनस्पती जमिनीतून सिलिका सारख्या प्रमाणात उचलत नाही. भाताचे पीक ती सर्वाधिक उचलणाऱ्यांपैकी आहे आणि ती तुसाच्या बाहेरच्या आवरणात साठवते. म्हणूनच चांगल्या जळलेल्या तुसाच्या राखेत सिलिकेचे प्रमाण साधारण ८५ ते ९५ टक्के असते. उसाच्या बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाच्या, राखेत ते त्याहून बरेच कमी असते आणि त्यातला काही भाग तर उसाला चिकटून आलेल्या मातीतील वाळूचा असतो. गव्हाच्या काडाच्या राखेत सिलिका असते, पण तिच्या जोडीला पोटॅशियम आणि क्लोराइडही भरपूर असतात. लाकडाच्या किंवा कपाशीच्या पऱ्हाटीच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियमच प्रामुख्याने आढळतात. अशी राख शेतात परत गेली तर तिचा उपयोग अधिक होईल. तिला काँक्रीटमध्ये घालण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

बॉयलरमधून राख घेणार असाल तर तिथे खरोखर काय जाळले जाते हे आधी विचारावे. हंगाम संपत आला की तुसाबरोबर लाकूड, भुसा किंवा कोळसाही भट्टीत जातो, आणि राखेचे स्वरूप दर आठवड्याला बदलते. अशा राखेचा एक नमुना तपासून वर्षभराचे निष्कर्ष काढता येत नाहीत.

जाळण्यातील चुका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण इथे झालेली चूक पुढच्या कोणत्याही टप्प्यावर पूर्णपणे दुरुस्त होत नाही.

उघड्यावर ढीग करून जाळलेले तूस विझल्यानंतर आडवे कापून पाहिले तर एकाच ढिगात तीन-चार प्रकारची राख दिसते. वरचा थर पांढरट आणि भुसभुशीत असतो, त्याखाली करड्या रंगाचा पट्टा असतो आणि गाभ्याकडे जावे तसे तूस काळे होत जाते. तिथे हवा पोहोचलेली नसते, त्यामुळे तुसाचा कोळसा झालेला असतो, पण तो जळून गेलेला नसतो. जिथे उष्णता कोंडली आणि हवाही मिळाली, अशा जागी गुलाबीसर पांढरे, हाताला काहीसे कडक लागणारे पुंजके सापडतात. हे सगळे एकत्र करून पोत्यात भरले की त्या पोत्याला स्वतःचा असा कोणताच गुण राहत नाही.

तापमानाचे गणित असे आहे. सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, भरपूर हवेत आणि पुरेसा वेळ देऊन जाळले तर कार्बन जळून जातो आणि सिलिका अस्फटिकी राहते, म्हणजे तिच्या अणूंची रचना विस्कळीत असते. अशी विस्कळीत सिलिका चुन्याशी सहज प्रक्रिया करते. तापमान याहून बरेच वर गेले किंवा उच्च तापमान फार वेळ टिकले, तर तीच सिलिका क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइट या स्फटिकरूपांत बदलू लागते आणि तिची प्रक्रियाशीलता झपाट्याने घटते. इथे तापमान आणि काळ या दोघांचा एकत्र विचार करावा लागतो. थोड्या वेळासाठी गाठलेले जास्त तापमान कदाचित निभावून जाईल, पण त्याच तापमानाला रात्रभर ठेवलेली राख बिघडलेली असेल.

पुष्कळजण भट्टीच्या भिंतीवर लावलेल्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा, आकडा पाहून निश्चिंत होतात. ही फसगत आहे. तूस स्वतःच इंधन आहे. एकदा पेटले की ते स्वतःची उष्णता निर्माण करते आणि जाड थराच्या आतले तापमान भट्टीतल्या हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी वर जाते. त्यामुळे थर्मोकपलचे टोक तुसाच्या थरातच असायला हवे, थर पातळ ठेवायला हवा आणि जळण अधूनमधून हलवायला हवे. भट्टीची उष्णता वाढवण्यापेक्षा हवेचा पुरवठा वाढवणे आणि तापमान सावकाश चढवणे जास्त उपयोगी पडते.

सावकाश चढवण्यामागे आणखी एक कारण आहे. तुसातील पोटॅशियममुळे सिलिकेचा पृष्ठभाग तुलनेने कमी तापमानाला वितळू लागतो. तापमान एकदम वाढले तर हा वितळलेला पापुद्रा न जळलेल्या कार्बनच्या कणांना आत कोंडून टाकतो. मग ती राख कितीही वेळा पुन्हा भट्टीत घातली तरी काळी ती काळीच राहते, आणि अशा वेळी तापमान आणखी वाढवले तर कार्बन तर जात नाहीच, शिवाय सिलिकाही स्फटिकरूप होते. राख पुन्हा भाजूनही तिचा काळेपणा कमी होत नसेल, तर आधी हे कारण तपासावे. तूस जाळण्यापूर्वी पाण्याने किंवा सौम्य आम्लाने धुतले तर पोटॅशियमचा बराचसा भाग निघून जातो आणि राख लक्षणीय सुधारते. मात्र आम्ल वापरले तर तूस नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे लागते. हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश राहिला तर त्यातून क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरते. धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट कशी लावायची, हाही प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला बरा.

रंगावरून प्रत ठरवण्याची चूक इथूनच जन्म घेते. काळी राख म्हणजे कार्बन जास्त, एवढे बरोबर आहे. पण पांढरी राख म्हणजे उत्तम राख, हे बरोबर नाही. अति तापलेली, स्फटिकरूप झालेली, काँक्रीटच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी राखही पांढरीशुभ्रच असते. किंचित करडी राख अनेकदा शुभ्र राखेपेक्षा जास्त प्रक्रियाशील निघते, कारण ती अति तापलेली नसते.

स्फटिकरूप सिलिकेचा एक धोका काँक्रीटपलीकडचा आहे. क्रिस्टोबलाइट आणि क्वार्ट्झची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने सिलिकोसिस होतो, आणि कामाच्या ठिकाणी उडणाऱ्या अशा धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. राख चाळणाऱ्या, दळणाऱ्या आणि पोत्यांत भरणाऱ्या माणसाच्या तोंडावर नुसता रुमाल बांधलेला असणे पुरेसे नाही. धूळ गाळणारा योग्य मुखवटा, बंदिस्त गिरणी आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा यांची तरतूद झाल्याखेरीज हे काम सुरूच करू नये.

रासायनिक विश्लेषणाच्या आकड्यावर समाधान मानणे

प्रयोगशाळेतून सिलिका, ॲल्युमिना आणि लोह ऑक्साइड यांची बेरीज ७० टक्क्यांच्या वर आल्याचा अहवाल आला की काम झाले, असे मानण्याची पद्धत आहे. हा आकडा एएसटीएम सी ६१८ या अमेरिकी मानकातून येतो. ते मानक मुळात कोळशाची राख आणि नैसर्गिक पोझोलाना यांच्यासाठी आहे आणि शेतकचऱ्याच्या राखेला ते फक्त उसने घेऊन लावले जाते. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. नदीतली साधी वाळूही ही ७० टक्क्यांची अट आरामात पूर्ण करते, आणि वाळू पोझोलाना नाही हे सर्वांना ठाऊक आहे. रासायनिक विश्लेषण सिलिका किती आहे ते सांगते. ती कोणत्या अवस्थेत आहे हे त्यातून कळत नाही.

अवस्था कळण्यासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शनची, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची, चाचणी करावी. तांब्याच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांवर घेतलेल्या आलेखात २२ अंशांच्या कोनाच्या आसपास रुंद, पसरट फुगवटा दिसला तर सिलिका अस्फटिकी आहे. त्याच जागी टोकदार सुळका उभा असेल तर क्रिस्टोबलाइट तयार झाले आहे. २६.६ अंशांजवळचा सुळका क्वार्ट्झचा, म्हणजे बहुधा मातीतून आलेल्या वाळूचा असतो. बगॅसच्या राखेत तो जवळजवळ नेहमीच दिसतो, आणि अशा राखेतील एकूण सिलिकेचा आकडा वाचताना त्यातला हा निष्क्रिय वाटा मनातून वजा करावा लागतो.

ही सोय जवळ नसेल तर चुन्याच्या संपृक्त द्रावणाची विद्युतवाहकता मोजण्याची सोपी चाचणी आहे. ४० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या २०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम राख घालून ढवळत राहायचे आणि दोन मिनिटांत वाहकता किती उतरते ते पाहायचे. १९८९ साली मांडल्या गेलेल्या या पद्धतीनुसार घट १.२ मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पोझोलानिक गुण चांगला, ०.४ ते १.२ च्या दरम्यान असेल तर मध्यम, आणि ०.४ पेक्षा कमी असेल तर राख निष्क्रिय समजतात. इथे एक फसवी जागा आहे. राखेत विरघळणारे पोटॅशियमचे क्षार असतील तर ते द्रावणाची वाहकता वाढवतात, त्यामुळे चांगली राखही निष्क्रिय भासू शकते. म्हणून तीच राख साध्या शुद्ध पाण्यात घालून वाहकता किती वाढते हेही मोजावे आणि तेवढी दुरुस्ती करून मगच निकाल द्यावा.

कार्बन किती राहिला हे कळण्यासाठी राख तापवून तिच्या वजनातील घट मोजतात. ही चाचणी वाळवलेल्या नमुन्यावर करायची असते. ओल्या राखेतील पाणी कार्बनच्या खात्यात जमा झाले तर आकडा निरर्थक होतो. उघड्यावर पडून राहिलेल्या जुन्या राखेत कार्बोनेटही तयार झालेले असतात आणि तापवताना तेही विघटन पावतात, एवढे ध्यानात ठेवावे.

दळण्याविषयीचे गैरसमज

तुसाच्या राखेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो. वनस्पतीच्या पेशींचा सांगाडा जळल्यानंतरही टिकून राहतो आणि त्यातल्या पोकळ्यांमुळे एका ग्रॅम राखेचे अंतर्गत पृष्ठफळ दहा-वीस चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरू शकते. हे लक्षात न घेता सिमेंटचा बारीकपणा मोजण्यासाठी वापरली जाणारी ब्लेनची चाचणी या राखेला लावली की आकडे दिशाभूल करतात, कारण ती चाचणी कणांमधून हवा किती सहज वाहते यावर आधारलेली आहे आणि कणाच्या आतल्या पोकळ्यांविषयी ती फारसे काही सांगत नाही. तुसाच्या राखेसाठी कणांच्या आकाराचे वितरण मोजावे. निदान ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या पद्धतीने किती राख उरते हे तरी पाहावे.

राख न दळता वापरणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. न दळलेल्या कणांच्या पोकळ्या मिश्रणातले पाणी शोषतात, काँक्रीट कोरडे पडते आणि प्रक्रियाही संथ होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अस्फटिकी सिलिकेचे जाड कण किंवा न फुटलेले गोळे सिमेंटमधील अल्कलींशी प्रक्रिया करून फुगू शकतात. जी राख बारीक दळल्यावर अल्कली-सिलिका प्रक्रियेपासून काँक्रीटला वाचवते, तीच जाडसर राहिली तर ती प्रक्रिया घडवून आणू शकते. दुसऱ्या टोकाला, तासन्तास दळत राहण्यातही फायदा नाही. एका मर्यादेनंतर पोकळ्या चिरडल्या जातात, अंतर्गत पृष्ठफळ घटते आणि वीज मात्र खर्च होत राहते. ठरावीक वेळाने नमुने काढून कणांचा आकार आणि मॉर्टरची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मसाल्याची, ताकद यांची सांगड घालावी आणि आपल्या बॉल मिलसाठी, म्हणजे गोळ्यांच्या गिरणीसाठी, योग्य वेळ ठरवावी.

बगॅसच्या राखेला दळण्याआधी चाळणे अत्यावश्यक आहे. तिच्यातील न जळलेले, काळे, लांबट तंतू जाड असतात आणि ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर त्यांतले बरेचसे अडकतात. हे तंतू आधी काढले तर कार्बनचे प्रमाण एकदम खाली येते. आधी दळून मग चाळले तर त्यांचीच भुकटी होऊन ती राखेत मिसळते आणि नंतर वेगळी काढण्याचा कोणताही सोपा मार्ग उरत नाही. क्रम उलटा झाल्यामुळे चांगली राख वाया गेल्याचे पाहून खरोखर वाईट वाटते, कारण ही चूक टाळायला काहीच खर्च येत नाही.

पाण्याने विझवलेली आणि उघड्यावर साठवलेली राख

धूळ उडू नये म्हणून बॉयलरची राख पाणी मारून बाहेर काढतात. ओल्या राखेचे गोळे होतात, वजन फसवे होते आणि तिच्यातले पाणी काँक्रीटच्या पाण्याच्या हिशेबाबाहेर राहून मिश्रणात शिरते. वर उल्लेखलेल्या एएसटीएम सी ६१८ मानकात ओलाव्याची मर्यादा ३ टक्के आहे आणि ती पाळणे व्यवहार्य आहे. शक्यतो कोरडी राख मिळवावी, तिच्यावर ताडपत्री असावी, आणि प्रत्येक लॉटच्या पोत्यांवर तारीख, इंधन आणि कार्बनचा आकडा लिहिलेला असावा. बॉयलरच्या तळाची राख आणि धुराड्याकडील गाळणयंत्रात अडकलेली राख यांचे गुण वेगळे असतात. त्या एकत्र करू नयेत.

मिश्रणातील चुका

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी चूक म्हणजे हाताशी असलेले सिमेंट कोणते आहे हे न पाहता त्यात राख घालणे. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे पीपीसीमध्ये, कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेली असते. त्यातून मोकळा होणारा चुना आधीच मर्यादित असतो आणि फ्लाय ॲशच त्यावर हक्क सांगत असते. अशा सिमेंटमध्ये आणखी १५ टक्के राख घातली तर तिला प्रक्रिया करायला पुरेसा चुना मिळत नाही आणि ताकद घटते. राखेचे प्रयोग साध्या पोर्टलँड सिमेंटवर, म्हणजे ओपीसीवर करावेत.

घमेल्याने किंवा पाटीने राख मोजणे ही दुसरी चूक आहे. सैल राख अतिशय हलकी असते आणि हलवली की बसते, त्यामुळे दोन पाट्यांतले वजन कधीच सारखे भरत नाही. राख वजनानेच घ्यावी. पण वजनाने घेतली तरी हिशेब तिथे संपत नाही. सिमेंटची सापेक्ष घनता सुमारे ३.१५ असते, तर तुसाच्या राखेची साधारण २.१. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ४०० किलो सिमेंट असेल आणि त्यातले १५ टक्के, म्हणजे ६० किलो, काढून तितक्याच वजनाची राख घातली, तर सिमेंटने मोकळी केलेली जागा सुमारे १९ लिटर असते आणि राख जवळपास २८.५ लिटर जागा व्यापते. हे साडेनऊ लिटर कुठून तरी कमी करावे लागतात. ते वाळूतून कमी करायचे तर सुमारे २५ किलो वाळू वगळावी लागेल. हा हिशेब केला नाही तर मिश्रण चिकट होते, घनमीटरमागे सिमेंट कमी पडते आणि दोष पुन्हा राखेकडे जातो.

तिसरी चूक पाण्याची. राख घातली की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, घटतो आणि मिक्सरजवळचा माणूस सवयीने पाणी वाढवतो. राखेने मिळवलेला सगळा लाभ त्या पाण्यात वाहून जातो, कारण ताकद आणि टिकाऊपणा हे पाणी आणि एकूण बंधक द्रव्य (सिमेंट अधिक राख) यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतात. घटलेला स्लम्प सुपरप्लास्टिसायझरने, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाने, भरून काढावा आणि त्याची मात्रा आपल्या सिमेंट-राख जोडीवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन ठरवावी. कार्बन जास्त असलेली राख सुपरप्लास्टिसायझर आणि हवा धरून ठेवणारी मिश्रके स्वतःकडे ओढून घेते, म्हणून दुसऱ्याच्या राखेसाठी ठरलेली मात्रा आपल्याला चालेलच असे नाही.

प्रमाणाबाबत हव्यास नको. तुसाच्या चांगल्या राखेसाठी १० ते १५ टक्के आणि चाळून दळलेल्या बगॅसच्या राखेसाठी १० ते २० टक्के हा सुरुवातीसाठी समंजस पल्ला आहे. त्यापुढे जायचे असेल तर ते चाचण्यांच्या आधारावर जावे. राख मिक्सरमध्ये शेवटी ओतू नये. ती सिमेंटबरोबर कोरडीच नीट मिसळून घ्यावी आणि मिसळण्याचा वेळ थोडा वाढवावा, म्हणजे गोळे राहत नाहीत.

चाचणीतील घाई आणि चुकीची तुलना

पोझोलानिक प्रक्रिया सिमेंटच्या प्रक्रियेच्या मागून चालते. फक्त ३ आणि ७ दिवसांचे ठोकळे फोडून राख नापास ठरवणे अन्यायाचे आहे. २८ दिवसांबरोबर ५६ आणि ९० दिवसांचेही ठोकळे भरून ठेवावेत.

उलट दिशेची चूक जास्त सूक्ष्म आहे. सिमेंटच्या २० टक्के भागाऐवजी राख घालून केलेल्या मॉर्टरची ताकद मूळ मॉर्टरच्या ७५ टक्के आली की राख उत्तीर्ण, असा निकष प्रचलित आहे. पण बारीक दळलेली निष्क्रिय भुकटीसुद्धा कणांमधल्या फटी भरून आणि सिमेंटच्या प्रक्रियेला जागा देऊन हा निकष ओलांडू शकते. म्हणून राखेच्या मॉर्टरशेजारी तितक्याच बारीक दळलेल्या क्वार्ट्झच्या भुकटीचे मॉर्टरही करावे. राखेची ताकद त्या क्वार्ट्झच्या मॉर्टरपेक्षा काळाबरोबर पुढे जात असेल, तरच पोझोलानिक गुण सिद्ध होतो. दोन्ही रेषा हातात हात घालून चालत असतील तर आपण राखेला नसलेले श्रेय देत आहोत.

पाणी मारण्यातील कसूर

राखेच्या प्रक्रियेला ओलावा दीर्घकाळ लागतो. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस क्युरिंग, म्हणजे ओले ठेवणे, चालते, पण खनिज मिश्रके असतील तर किमान १० दिवस लागतात आणि ते १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. याशिवाय बारीक राखेमुळे काँक्रीटच्या पृष्ठभागावर येणारे पाणी कमी होते. वारा आणि ऊन असेल तर पृष्ठभाग पहिल्या काही तासांतच कोरडा पडून त्यावर चिरा उमटतात, म्हणून काँक्रीट ओतल्यावर लगेच ते झाकावे आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

लक्षणावरून दोष शोधताना

स्लम्प पहिल्या अर्ध्या तासातच कोसळत असेल तर आधी कार्बनचा आकडा आणि कणांचा आकार पाहावा. दोन्ही ठीक असतील तर सुपरप्लास्टिसायझरची मात्रा किंवा तो घालण्याची वेळ बदलून पाहावी.

सुरुवातीची ताकद कमी आहे पण ९० दिवसांपर्यंत ती बरोबरीला येते, अशी स्थिती असेल तर राखेत दोष नाही. प्रमाण थोडे कमी करावे, किंवा साचे काढण्याचा काळ वाढवावा. थंड हवेत हा काळ आणखी लांबतो. मात्र ९० दिवसांनीही ताकद मागेच असेल तर क्रिस्टोबलाइट, वाळू किंवा जास्तीचे पाणी यांपैकी काहीतरी नक्की सापडेल. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख आणि मिश्रणाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.

काँक्रीट घट्ट व्हायलाच उशीर लागत असेल आणि राख बगॅसची असेल, तर तिच्यात कच्चे चिपाड मिसळले आहे का ते तपासावे. साखरेचा अगदी अल्प अंशही सिमेंटची प्रक्रिया रोखून धरतो. पृष्ठभागावर काळसर रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर हलका कार्बन वर तरंगून आला आहे. इथे चाळणी आणि जाळण्याची पद्धत सुधारावी लागते, रंग लावून प्रश्न सुटत नाही. पांढरे क्षार फुटून येत असतील तर राखेतील विरघळणारे पोटॅशियम पहिल्या संशयाला पात्र आहे, आणि ती राख पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा तपासावी.

लोखंडी सळ्या असलेल्या कामात राख वापरण्यापूर्वी क्लोराइडची चाचणी कोणत्याही सबबीवर टाळू नये, विशेषतः काडाच्या राखेच्या बाबतीत. आयएस ४५६ प्रमाणे साध्या प्रबलित काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून येणारे एकूण क्लोराइड घनमीटरमागे ०.६ किलोच्या आत आणि पूर्वताणित (आधीच ताणलेल्या पोलादी तारांच्या) काँक्रीटमध्ये ०.४ किलोच्या आत असायला हवे. या हिशेबात पाणी, वाळू, सिमेंट आणि मिश्रके यांचा वाटा आधीच धरलेला असतो, म्हणून राखेच्या वाट्याला उरणारी मर्यादा या आकड्यांपेक्षा बरीच कमी असते. ती ओलांडणारी राख सळई नसलेल्या फरसबंदीच्या ठोकळ्यांसाठी वेगळी ठेवावी आणि पोत्यांवर तसे ठळक लिहावे.